पिकअप ट्रकच्या इंजिनाला मोठी थ्रॉटल बॉडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे मुख्यतः शेव्हरोले सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएरा या अमेरिकी पिकअप ट्रकांमधील ५.३ लिटर व्ही-८ पेट्रोल इंजिनाला धरून लिहिली आहेत. १९९९ च्या मॉडेलपासून ही इंजिने त्या ट्रकांत आली, त्यांचे सुटे भाग आजही सहज मिळतात आणि हौशी मालक त्यांच्यावर भरपूर प्रयोग करतात. आकडे या इंजिनाचे असले, तरी त्यामागचे विज्ञान कोणत्याही पेट्रोल किंवा सीएनजी इंजिनाला लागू पडते.

थ्रॉटल बॉडी नेमके कोणते काम करते?

पेट्रोल इंजिनाची शक्ती त्यात किती हवा शिरते यावर ठरते, कारण इंधन हवेच्या प्रमाणातच सोडावे लागते. एअर फिल्टरमधून आलेली हवा सिलिंडरांना वाटून देणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये जाण्यापूर्वी ज्या गोल नळकांड्यातून जाते, ती थ्रॉटल बॉडी. तिच्या मध्यभागी आडव्या दांडीवर एक चकती फिरते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती उघडते, सोडला की मिटते. म्हणजे हवा अडवणे हेच या भागाचे काम आहे, आणि चकती पूर्ण उघडल्यावर त्याने शक्य तितके कमी अडवावे एवढीच आपली अपेक्षा असते.

बोअर मोठा केला की हवा किती वाढते?

बोअर म्हणजे या नळकांड्याचे आतले भोक. येथे त्याचे क्षेत्रफळ आणि प्रत्यक्ष हवा यांत गल्लत होते. ७८ मिलिमीटर व्यासाच्या बोअरचे क्षेत्रफळ सुमारे ४७८० चौरस मिलिमीटर भरते, तर ९० मिलिमीटरच्या बोअरचे सुमारे ६३६० भरते. ही वाढ ३३ टक्क्यांची आहे आणि विक्रेते हाच आकडा ठळकपणे छापतात. परंतु किती हवा ओढायची हे इंजिन ठरवते, थ्रॉटल बॉडी नव्हे. ५.३ लिटरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ५२०० फेऱ्यांवर, सिलिंडर ८५ टक्के भरतात असे धरले तर, मिनिटाला साधारण ११,८०० लिटर हवा घेते. एवढी हवा ७८ मिलिमीटरच्या बोअरमधून सेकंदाला सुमारे ४१ मीटर वेगाने जाते आणि ९० मिलिमीटरच्या बोअरमधून सुमारे ३१ मीटर वेगाने. दार रुंद झाल्यामुळे हवेचा वेग उतरतो, पण तिचे प्रमाण जवळजवळ तेवढेच राहते.

मग शक्ती किती वाढते?

हवेच्या वेगावरून दाबाचा तोटा काढता येतो. दांडी आणि चकतीने व्यापलेली जागा हिशोबात घेतली, तर मूळ ७८ मिलिमीटरच्या बॉडीतील तोटा पूर्ण थ्रॉटलवर एक ते दीड किलोपास्कलच्या आसपास येतो. वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला सुमारे १०१ किलोपास्कल असतो, म्हणजे हा तोटा एक-दीड टक्क्याचा झाला. मोठी बॉडी बसवल्याने तो सगळा भरून निघत नाही, साधारण अर्धा किलोपास्कल वाचतो.

२००६ पर्यंतची ही इंजिने बहुतांशी वर्षानुसार २७० ते २९५ अश्वशक्तीची आहेत. थ्रॉटल बॉडीचा अडथळा जादूने पूर्ण नाहीसा झाला, तरी तीन-चार अश्वशक्तींपलीकडे काही मिळण्यासारखे नाही, आणि प्रत्यक्ष बदलाने मिळणारा फायदा त्याच्याही निम्म्याच्या आसपास राहतो. डायनोवर, म्हणजे शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, तेच इंजिन लागोपाठ दोनदा चालवले, तरी आकड्यांत एक-दोन टक्क्यांचा फरक पडतो. त्यामुळे ज्या इंजिनात दुसरा कोणताही बदल केलेला नाही, त्याच्यासाठी केवळ थ्रॉटल बॉडीवर शेकडो डॉलर खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पंधरा-वीस अश्वशक्ती वाढल्याचा दावा कोणी केला, तर त्याच वेळी फिल्टर, एअर बॉक्स किंवा ट्यूनिंग (इंजिनाच्या संगणकातील तक्ते) बदलले होते का, हे आधी विचारावे.

परंतु बदल केल्यावर ट्रक अधिक चपळ वाटतो. तो भास असतो का?

तो भास नाही, अनुभव खरा असतो. त्याचा अर्थ मात्र वेगळा आहे. चकती २० अंश उघडली, तर मोठ्या बोअरमध्ये तेवढ्याच कोनात जास्त जागा मोकळी होते आणि पायाच्या थोड्या दाबाने अधिक हवा आत जाते. ट्रक जागचा झेपावतो, म्हणून शक्ती वाढल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तेवढीच हवा जुन्या बॉडीतूनही मिळाली असती, फक्त पाय थोडा अधिक दाबावा लागला असता. पूर्ण थ्रॉटलवर दोन्हींत फारसा फरक राहत नाही. उलट गर्दीच्या रस्त्यावर, पावसात, किंवा मागे बोटीचा ट्रेलर जोडून उतारावरून हळूहळू पाण्याकडे नेताना, ही चपळाई त्रासदायक ठरते, कारण पायाची लहानशी हालचालही मोठा परिणाम करते. केवळ हाच अनुभव हवा असेल, तर इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या ट्रकमध्ये तो ट्यूनिंगमधील पेडलच्या तक्त्यातूनही मिळतो, त्यासाठी धातूचा एकही भाग बदलावा लागत नाही.

आपल्या ट्रकमध्ये अडथळा थ्रॉटल बॉडीचाच आहे हे कसे ओळखावे?

सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि तो सर्वात कमी लोक विचारतात. मोजमापाचे साधन आपल्या इंजिनात आधीच बसवलेले आहे. मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा सेन्सर, ज्याला मॅप सेन्सर म्हणतात, त्याचे आकडे साध्या स्कॅनरवर दिसतात. चावी चालू करून, पण इंजिन सुरू न करता, सेन्सर जो आकडा दाखवतो तो त्या ठिकाणच्या वातावरणाचा दाब असतो. तो लिहून ठेवावा. नंतर डायनोवर किंवा बंदिस्त ट्रॅकवर पूर्ण थ्रॉटल देऊन, ५००० फेऱ्यांच्या पुढे गेल्यावर तोच आकडा पाहावा. हे सार्वजनिक रस्त्यावर करू नये.

दोन आकड्यांतील फरक म्हणजे फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंतच्या सगळ्या अडथळ्यांची बेरीज. ही बेरीज दोन-तीन किलोपास्कलांच्या आत असेल, तर हवेचा मार्ग पुरेसा मोकळा आहे असे समजावे आणि पैसे दुसरीकडे लावावेत. ती पाच-सहाच्या पुढे गेली, तर दोष कोठे आहे हे शोधणे योग्य ठरते. तुलना नेहमी त्याच जागेच्या वातावरणीय दाबाशी करावी. डेन्व्हरसारख्या सुमारे १६०० मीटर उंचीवरच्या शहरात हवेचा दाबच ८३ किलोपास्कलांच्या आसपास असतो, आणि तेथे १०१ ही फूटपट्टी लावली तर निर्दोष थ्रॉटल बॉडीही अपराधी ठरेल.

फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी यांचे तोटे वेगळे काढण्याची एक जुनी व स्वस्त युक्ती आहे. थ्रॉटल बॉडीच्या आधीच्या रबरी नळीला बारीक छिद्र पाडून त्यास पारदर्शक नळी जोडावी, ती इंग्रजी यू अक्षरासारखी वळवून तिच्यात रंगीत पाणी भरावे आणि दुसरे टोक उघडे ठेवावे. पाण्याच्या दोन पातळ्यांतील दर १० सेंटिमीटर फरक म्हणजे एक किलोपास्कल. हा तोटा फिल्टर, एअर बॉक्स आणि नळीचा झाला, आणि एकूण तोट्यातून तो वजा केला की थ्रॉटल बॉडीच्या वाट्याचा अंदाज येतो. ही नळी थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डच्या बाजूला, कधीही जोडू नये. तेथील ओढ इतकी जोरदार असते की पाणी थेट इंजिनात जाईल. मोजणी झाली की छिद्र नीट बंद करावे. अनेकदा या मोजणीत असे निघते की खरा दोषी धुळीने भरलेला फिल्टर किंवा एअर बॉक्सचे अरुंद तोंड आहे.

कोणत्या इंजिनांना मोठी थ्रॉटल बॉडी खरोखर लागते?

ज्यांची हवेची भूकच वाढवली आहे त्यांना. दाबाचा तोटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून भूक दीडपट झाली की तोटा सव्वादोन पट होतो. ६.० लिटरच्या ब्लॉकमध्ये सिलिंडरचा बोअर (व्यास) व स्ट्रोक (पिस्टनची धाव) वाढवून केलेले ४०८ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.७ लिटरचे इंजिन उत्तम हेड्स (सिलिंडरांवरची झाकणे) आणि कॅम (झडपा उघडणारी दांडी) यांसह ६५०० फेऱ्यांपर्यंत चालवले, तर ७८ मिलिमीटरच्या बोअरमध्ये हवेचा वेग सेकंदाला ७० मीटरच्या पुढे जातो आणि तोटा तीन किलोपास्कल ओलांडतो. तेथे ९० मिलिमीटरची बॉडी तो जवळजवळ निम्म्यावर आणते आणि तिचे पैसे वसूल होतात.

सुपरचार्जरचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंपाचा, प्रश्न आणखी रोचक आहे. ज्या रचनेत थ्रॉटल सुपरचार्जरच्या आधी असते, तेथे थ्रॉटलमध्ये गमावलेला दाब पुढे सुपरचार्जरच्या गुणोत्तराने गुणला जातो. दाब दीडपट करणारा सुपरचार्जर आणि दीडपट हवा असे धरले, तर मूळचा सव्वा-दीड किलोपास्कलांचा तोटा आधी सव्वादोन पट आणि मग पुन्हा दीडपट होऊन मॅनिफोल्डमध्ये चार-पाच किलोपास्कलांची तूट दाखवतो. अशा इंजिनात थ्रॉटल बॉडी अगदी सुरुवातीला विचारात घ्यावी.

उरलेल्यांनी मात्र मॅनिफोल्ड, हेड्स, कॅम आणि एक्झॉस्ट यांचा विचार एकत्र करावा. ओसरीचे दार रुंद केले आणि माजघराचे तसेच ठेवले, तर माणसे ओसरीतच दाटतात.

कोणती बॉडी कोणत्या ट्रकला बसते?

१९९९ ते २००२ या काळातील बहुतांश ५.३ लिटर ट्रकांमध्ये केबलने उघडणारी, तीन बोल्टांची, साधारण ७८ मिलिमीटरची बॉडी आहे. २००३ पासून केबल गेली आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आले, तरी तोंडाची रचना तीन बोल्टांचीच राहिली. २००७ मध्ये आलेल्या नव्या पिढीत चार बोल्टांची, सुमारे ८७ मिलिमीटरची बॉडी मिळते. याचा अर्थ असा, की २००७ नंतरच्या मालकाला ९० मिलिमीटरच्या बॉडीतून जेमतेम सात टक्के क्षेत्रफळ वाढवून मिळते, आणि त्याने हा नाद सोडलेला बरा.

तीन बोल्टांच्या मॅनिफोल्डवर चार बोल्टांची बॉडी सरळ बसत नाही. अ‍ॅडाप्टर मिळतो, पण पुढे मॅनिफोल्डचे तोंड ७८ मिलिमीटरचेच राहते, आणि मोठ्या बोअरमधून आलेली हवा त्या पायरीवर आदळते. ज्यांना हे काम नीट करायचे असते ते मॅनिफोल्डही बदलतात. २००६ ते २००९ दरम्यानच्या ट्रेलब्लेझर एसएस या गाडीचा, किंवा २००७ नंतरच्या त्याच जातीच्या ट्रक इंजिनांचा मॅनिफोल्ड यासाठी पसंत केला जातो. अशा वेळी हेडच्या पोर्टचा आकार मॅनिफोल्डशी जुळतो का, हे आधी तपासावे. इलेक्ट्रॉनिक बॉडीत आणखी एक अडचण असते : जुन्या आणि नव्या पिढीतील कनेक्टर, तारांची रचना आणि नियंत्रक वेगवेगळे आहेत. बोल्ट जुळले म्हणजे बॉडी चालेल असे मुळीच नाही.

मूळ बॉडीचाच बोअर घासून गुळगुळीत केला तर?

ज्याला पोर्टिंग म्हणतात ते काम कुशल हाताने झाले, तर बोअरच्या तोंडाची तीक्ष्ण कड गोल करणे आणि दांडी थोडी सडपातळ करणे एवढ्याने थोडा लाभ होतो. धोका मात्र चकती मिटते त्या पट्ट्यात आहे. आयडलवर, म्हणजे पेडल सोडून इंजिन नुसते चालू असताना, मॅनिफोल्डमधील दाब ३०-४० किलोपास्कलपर्यंत उतरलेला असतो, आणि एवढ्या फरकाने चकतीच्या कडेवरून जाणारी हवा ध्वनीच्या वेगाने धावते. ७८ मिलिमीटरच्या चकतीभोवती केसाएवढी, म्हणजे ०.१ मिलिमीटरची फट सर्व बाजूंनी राहिली, तर त्या फटीचे क्षेत्रफळ सुमारे २४ चौरस मिलिमीटर होते आणि आयडलला लागणाऱ्या हवेपैकी निम्मी किंवा त्याहूनही अधिक हवा तेथूनच आत येऊ शकते. मग आयडल चढलेला राहतो आणि कोणताही सेन्सर बदलून तो उतरत नाही. म्हणून चकती मिटते त्या पट्ट्याला घासकागदही लावू नये. काही बॉडींच्या आतून कारखान्यातच संरक्षक लेप दिलेला असतो, आणि घासकामात तोही जातो.

थ्रॉटल बॉडीखाली स्पेसर बसवल्याने काही लाभ होतो का?

नाही. स्पेसर म्हणजे थ्रॉटल बॉडी आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये बसवायची जाड कडी. तिच्या आतल्या मळसूत्री खाचांनी हवा घुसळून इंधन चांगले मिसळते असे सांगितले जाते, परंतु २०१३ पर्यंतच्या या इंजिनांत इंधन थ्रॉटलपाशी नव्हे, तर प्रत्येक सिलिंडरच्या इनटेक पोर्टमध्ये सोडले जाते. तेथवर पोहोचण्यापूर्वी हवा मॅनिफोल्डच्या पोकळीत शिरून आठ वाटांनी विभागलेली असते, त्यामुळे मागच्या घुसळणीतले काही शिल्लक राहत नाही.

थ्रॉटल बॉडीतून जाणारे कूलंट बंद केल्यास हवा थंड राहील का?

सेकंदाला ४० मीटर वेगाने जाणारी हवा सहा-सात सेंटिमीटर लांबीच्या बॉडीत सेकंदाचा सहाशेवा भागही थांबत नाही. तेवढ्यात ती तापणार तरी किती? उलट मिनेसोटा किंवा डाकोटाच्या हिवाळ्यात दमट हवेचा बर्फ चकतीवर जमून ती अडकू नये, यासाठीच इंजिनाचे गरम कूलंट थ्रॉटल बॉडीतून फिरवण्याची ही व्यवस्था असते. थंड प्रदेशात ती काढू नये.

बसवताना कोणती काळजी घ्यावी?

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, कारण कूलंटच्या नळ्या काढाव्या लागू शकतात. बॅटरीची ऋण तार सोडावी. जुनी बॉडी काढताच मॅनिफोल्डच्या तोंडात स्वच्छ फडका ठेवावा. त्यात एक बोल्ट जरी पडला तरी पुढचे काम फार महाग होते, आणि तो फडका नंतर आठवणीने काढावाही लागतो. गॅस्केट नवे वापरावे. बोल्ट सुमारे १० न्यूटन-मीटर एवढ्याच जोराने, टॉर्क रेंचनेच आवळावेत, कारण मॅनिफोल्ड प्लॅस्टिकचा आहे आणि हाताच्या अंदाजाने आवळलेला बोल्ट त्यातील आट्यांची धातूची नळी उखडून काढतो. चावी चालू असताना इलेक्ट्रॉनिक बॉडीच्या चकतीत बोट घालू नये. मोटर ती क्षणात मिटवते आणि बोटाला गंभीर इजा होऊ शकते. केबलच्या बॉडीत पेडल पूर्ण दाबल्यावर चकती खरोखर पूर्ण उघडते का आणि सोडल्यावर न अडखळता परत येते का, हे इंजिन सुरू करण्यापूर्वी पाहावे.

नंतर ट्यूनिंग लागते का?

या ट्रकांत हवा मोजणारा मॅफ सेन्सर असल्याने इंधनाचे प्रमाण बहुधा सांभाळले जाते. आयडल मात्र बिघडतो, कारण कोणत्या कोनात किती जागा उघडते याचा जुन्या बॉडीचा तक्ता संगणकाच्या स्मरणात असतो. लहान फरक संगणक आयडल पुन्हा शिकून भरून काढतो. ९० मिलिमीटरच्या बॉडीसाठी तो तक्ता एचपी ट्यूनर्स किंवा ईएफआय लाइव्ह यांसारख्या प्रणालीतून बदलून घ्यावा लागतो.

बदल केल्यावर स्कॅनरवर पी०५०७ हा दोषाचा कोड आला, तर आयडल अपेक्षेपेक्षा जास्त आहे. सोबत पी०१७१ आणि पी०१७४ (इंधनाच्या मानाने हवा जास्त) आले, तर गॅस्केटपाशी हवा गळत असल्याची शंका घ्यावी. पी२१३५ म्हणजे चकतीची स्थिती सांगणाऱ्या दोन सेन्सरांचे एकमेकांशी पटत नाही. यात कनेक्टर किंवा चुकीची बॉडी हे कारण असू शकते, आणि अशा अवस्थेत ट्रक चालवू नये.

जुन्या ट्रकमध्ये आयडल डगमगत असेल किंवा पेडल सुरुवातीला चिकटत असेल, तर बॉडी बदलण्याआधी ती साफ करून पाहावी. इंजिनातील तेलकट वाफा चकतीच्या मागे काळा चिकटा धरतात, आणि थ्रॉटल बॉडीसाठीचा क्लीनर व मऊ कापड यांनी तो निघतो.

इंधनाची बचत होते का?

होत नाही. रोजच्या चालवण्यात चकती अर्धवटच उघडी असते आणि लागेल तेवढीच हवा आत सोडली जाते. बोअर मोठा असेल तर ती थोडी कमी उघडते, एवढेच.

हा बदल कायदेशीर आहे का?

अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यानुसार उत्सर्जन नियंत्रणाची व्यवस्था निकामी करणे बेकायदा आहे. कॅलिफोर्नियात त्याहून पुढे जाऊन, उत्सर्जनावर परिणाम करू शकणाऱ्या भागाला तेथील हवा संसाधन मंडळाचा, म्हणजे कार्बचा, मंजुरी क्रमांक लागतो. साधारणपणे दर दोन वर्षांनी होणाऱ्या स्मॉग तपासणीत बॉनेटखालचे भाग डोळ्यांनी पाहिले जातात आणि जुलै २०२१ पासून इंजिनाच्या संगणकातील बदललेले सॉफ्टवेअरही पकडले जाते. त्यामुळे मंजुरीची बॉडी बसवूनही मंजुरी नसलेले ट्यूनिंग केल्यास ट्रक अडकतो. खरेदीपूर्वी तो क्रमांक आपल्या वर्षाच्या आणि आपल्या इंजिनाच्या ट्रकसाठीच आहे, याची खात्री करून घ्यावी.

वॉरंटीबाबत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा मालकाच्या बाजूने उभा राहतो. केवळ बाहेरचा भाग लावला म्हणून कंपनी संपूर्ण वॉरंटी नाकारू शकत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला असेल, तर मात्र त्या दुरुस्तीचा खर्च नाकारू शकते.

महाराष्ट्रातील मालवाहू ट्रकवर असे काही करता येईल का?

आपल्याकडचे बहुसंख्य ट्रक डिझेलचे आहेत, आणि डिझेल इंजिनाची शक्ती हवा अडवून नव्हे, तर इंधन कमी-जास्त करून ठरते. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे उत्सर्जनाचे मानक लागू झाल्यावर अनेक डिझेल इंजिनांच्या हवेच्या मार्गात झडप दिसू लागली. तिचे काम एक्झॉस्टचा काही भाग पुन्हा आत ओढून घेणे आणि धूर गाळणाऱ्या फिल्टरसाठी तापमान राखणे हे असते. ती मोठी केली किंवा काढून टाकली, तर शक्ती वाढत नाही आणि उत्सर्जन मात्र बिघडते. चढावर डिझेल ट्रकला दम लागत असेल, तर एअर फिल्टर, टर्बोपासून (हवा दाबणाऱ्या यंत्रापासून) इंटरकूलरपर्यंतच्या (ती हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंतच्या) नळ्यांची गळती आणि इंटरकूलरची स्वच्छता पाहावी.

सीएनजी ट्रकांमध्ये स्पार्क प्लगने पेटणारे इंजिन असते, म्हणून खरी थ्रॉटल बॉडी असते. परंतु तिचे माप, गॅसचे प्रमाण आणि संगणकाचे तक्ते एकत्र जुळवूनच त्या इंजिनाची पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत चाचणी होऊन मान्यता मिळालेली असते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे वाचले. पोटापाण्यासाठी चालणाऱ्या वाहनाच्या विम्याचा आणि फिटनेसचा प्रश्न त्याच्याशी जोडलेला असल्याने हा बदल करू नये, असेच मी सांगेन.

भंगार यार्डातून वापरलेली थ्रॉटल बॉडी घ्यावी का?

अवश्य घ्यावी, कारण कारखान्यात बनलेली जुनी बॉडी अनेक स्वस्त नव्या नकलांपेक्षा चांगली निघते. दांडी दोन बोटांत धरून वर-खाली हलवून पाहावी. खेळ जाणवला, तर तेथून हवा गळणार हे निश्चित. बॉडी उजेडासमोर धरून मिटलेल्या चकतीभोवतीचा प्रकाश सगळीकडे सारखा आणि अगदी बारीक दिसतो का, ते पाहावे. बोअरमध्ये चकती घासल्याचा ओरखडा असेल तर ती परत ठेवावी. इलेक्ट्रॉनिक बॉडी घेताना कनेक्टरचा तारेसह तुकडाही कापून मागून घ्यावा आणि ती ज्या गाडीतून निघाली तिचे वर्ष, इंजिन व बॉडीवरचा भाग क्रमांक तेथेच लिहून घ्यावा, कारण पुढे तारा जोडताना आणि ट्यूनिंगमध्ये योग्य तक्ता निवडताना याच माहितीची गरज पडते.